माळ्यावरची ट्रंक आणि मधली पेटी

ठाणें, कल्याण आणि डोंबिवली या गांवांत जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागीं नव्या उभारण्याचें काम हल्लीं अखंड चालूं आहे. घर रिकामें करण्याची वेळ आली कीं प्रथम भांड्यांची, मग पुस्तकांची आणि सर्वांच्या शेवटीं माळ्यावरच्या वस्तूंची व्यवस्था लावली जाते. या शेवटच्या वर्गांत पुष्कळ घरांतून एक पत्र्याची ट्रंक निघते आणि तिच्यांत ग्रामोफोनच्या तबकड्या असतात. त्या ठेवाव्या कीं देऊन टाकाव्या, याचा निर्णय घाईच्या दिवसांत, सामानाच्या ढिगाऱ्यांत उभ्याउभ्याच व्हावयाचा असतो. आणि तो कित्येकदां एका लहानशा पेटीच्या अभावामुळें चुकीचा होतो. आजच्या भाषणाचा विषय ती पेटी हाच आहे.

अशा एका घराचें चित्र श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. डोंबिवली पूर्वेस, स्टेशनापासून दहा मिनिटांच्या वाटेवर, तीन मजली इमारतींतलें दुसऱ्या मजल्यावरचें घर. घरांत पंच्याऐंशीच्या आसपासच्या आजी, त्यांचे निवृत्त चिरंजीव आप्पा, सूनबाई आणि रोज सकाळच्या लोकलनें मुंबईस नोकरीला जाणारा नातू. दोन महिन्यांत भाड्याच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड हलवावयाचें आहे. ट्रंकेंत चाळीस-पंचेचाळीस तबकड्या निघाल्या. कांहीं लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. त्यांवर बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, अब्दुल करीम खां. कांहीं मागाहूनच्या लाँग-प्ले. त्यांत ठाण्याचे पी. सावळाराम यांचीं लता मंगेशकरांनीं गाइलेलीं भावगीतें. कै. आजोबांनीं पगाराच्या दिवशीं एकेक करून घेतलेला हा संग्रह गेलीं चाळीस वर्षें कोणीं उघडला नव्हता.

नातवानें हौसेनें एक टर्नटेबल मिळविलें. एक जुना पॉवर अँप्लिफायर आणि दोन स्पीकर त्याच्याजवळ होतेच. टर्नटेबलाच्या तारा त्यानें सरळ अँप्लिफायरला जोडल्या आणि एक लाँग-प्ले लावली. आवाज आला खरा. पण तो कसा? दूरच्या खोलींत कोणी पत्र्याच्या डब्यांत तोंड घालून गावें तसा. तबल्याचा डग्गा बेपत्ता, तंबोरा बेपत्ता, आणि जें कांहीं उरलें तें डासाच्या गुणगुणण्यासारखें बारीक.

"झिजल्या आहेत रे त्या," आप्पा म्हणाले. "इतकीं वर्षें माळ्यावर उन्हाळे-पावसाळे काढले, त्यांचें काय राहणार? कोणी घेत असेल तर देऊन टाकूं, नाहीं तर भंगारवाल्याला बोलाव."

"आप्पा, थोडे दिवस थांबा," नातू म्हणाला. आजी कांहींच बोलल्या नाहींत. त्यांनीं तबकडी पाकिटांत घालावयास सांगितली आणि त्या आंत गेल्या.

वस्तुतः तबकडीचा येथें कांहींच अपराध नव्हता. सुई खांचेंतून जातांना जी वीज निर्माण करते ती अत्यंत अल्प असते. आजच्या बहुतेक टर्नटेबलांत जी चुंबकयुक्त सुई असते, तिच्यापासून मिळणारा दाब सामान्यतः ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टाचा सुमारें अडीचशेंवा हिस्सा. पॉवर अँप्लिफायरला आपली पूर्ण शक्ति दाखविण्यास एक व्होल्टाच्या आसपास दाब लागतो. तेव्हां मध्यें कोणीतरी हा दाब शंभर पट वाढवून दिला पाहिजे. हें एक काम झालें. आणि सर्वसाधारण समजूत अशी कीं प्रीअँपचें काम एवढेंच. तसें तें असतें तर आवाज केवळ लहान आला असता, डबडबीत आला नसता. डग्गा आणि तंबोरा नाहींसे होण्याचें कारण निराळें आहे आणि तें या साऱ्या विषयांतलें मर्म आहे.

तबकडीवर आवाज कोरतांना तो जसाच्या तसा कोरीत नाहींत. खर्जाचे स्वर आपल्या मूळच्या जोरानें कोरावयाचे म्हटले तर सुईस फार मोठी नागमोडी वळणें घ्यावीं लागतात. एक खांच शेजारच्या खांचेवर चढूं लागते, आणि खांचा दूर दूर ठेवाव्या तर तबकडीवर पांच-दहा मिनिटांपलीकडे गाणें मावावयाचें नाहीं. म्हणून कोरतांना खर्ज मुद्दाम दाबतात. उलट उंच स्वर इतके सूक्ष्म असतात कीं ते तबकडीच्या अंगच्या खरखरींत हरवून जातील. म्हणून ते मुद्दाम फुगवितात. ऐकतेवेळीं याच्या नेमकें उलट करावयाचें: खर्ज उचलावयाचा, उंच स्वर खालीं बसवावयाचे. उंच स्वरांबरोबर खरखरहि खालीं बसते, हा त्यांतला आणखी एक फायदा. पीठ दाबून डब्यांत भरावें आणि वापरतांना पुन्हां मोकळें करावें, तसाच हा व्यवहार आहे; फक्त दाबलें किती आणि मोकळें करावयाचें किती, याचें माप दोन्हीकडे एकच पाहिजे.

हें माप पुष्कळ वर्षें एक नव्हतें. १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें ३३⅓ फेऱ्यांची लाँग-प्ले तबकडी बाजारांत आणली तेव्हां निरनिराळ्या कंपन्या निरनिराळें माप वापरीत. १९५४ सालीं अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण-उद्योगाच्या संघानें एक माप ठरविलें आणि पुढें तेंच जगभर रूढ झालें. त्या संघाच्या आद्याक्षरांवरून त्यास आर-आय-ए-ए असें म्हणतात. या मापाप्रमाणें मध्यम स्वरांच्या मानानें अगदीं खालच्या, सेकंदास २० कंपनांच्या स्वरास सुमारें नऊ पट उचलावें लागतें आणि सेकंदास २०,००० कंपनांचा स्वर जवळजवळ तितक्याच पटीनें खालीं आणावा लागतो. एका टोंकास नऊ पट आणि दुसऱ्या टोंकास नवमांश, इतकी ही दुरुस्ती मोठी आहे. ती गाळून तबकडी वाजविली तर काय ऐकूं येईल, याची कल्पना डोंबिवलीच्या त्या घरांत आली होतीच.

जो प्रीअँप ही दुरुस्ती करतो त्यास फोनो प्रीअँप किंवा फोनो स्टेज म्हणतात. दुकानांत नुसतें 'प्रीअँप' मागितल्यास मायक्रोफोनचा किंवा गिटारचाहि हातांत पडतो. तो आवाज वाढवील, पण दुरुस्ती करणार नाहीं. खोक्यावर 'फोनो' हा शब्द आहे कीं नाहीं हें प्रथम पाहावें. ज्यांच्या घरीं १९७०-८० च्या काळांतला जुना संयुक्त अँप्लिफायर असेल त्यांनीं तर खर्च करण्यापूर्वीं त्याची मागची बाजू उजेडांत धरून पाहावी. तेथें 'फोनो' असें छिद्र पुष्कळदां आयतेंच असतें, आणि मग नवी पेटी घेण्याचें कारण उरत नाहीं. हल्लींच्या कित्येक स्वस्त टर्नटेबलांच्या पोटांतहि ही दुरुस्ती बसविलेली असते आणि मागें 'फोनो' व 'लाइन' असें बटण असतें. अशा टर्नटेबलास बाहेरचा फोनो प्रीअँप जोडून वर तें बटण 'लाइन'वर ठेवलें म्हणजे दुरुस्ती दोनदां होते. खर्ज घुमूं लागतो, आवाज फाटतो, आणि दोष पुन्हां बिचाऱ्या तबकडीच्या माथीं बसतो.

आणखी एक शंका येथें येण्याजोगी आहे. पूर्वीं घरोघरीं असलेल्या सुटकेसवजा रेकॉर्ड-प्लेअरांना, उदाहरणार्थ एच. एम. व्ही.च्या फिएस्टाला, अशी निराळी पेटी लागत नसे. मग आतांच ती कां? त्या प्लेअरांत सिरॅमिक किंवा स्फटिकाची सुई असे. ती व्होल्टाचा चांगला तिसरा-चौथा हिस्सा, कधीं अधिकहि, दाब देते. शिवाय तिच्या स्वभावामुळें खर्ज-उंच स्वरांची दुरुस्ती बव्हंशीं आपोआपच होते. तिची खोड एवढीच कीं तिला पुढें सुमारें १० लाख ओहमचा भार हवा. आणि ती तबकडीवर वजन फार टाकते. चुंबकाच्या सुईस ४७,००० ओहमचा भार लागतो आणि बहुतेक फोनो प्रीअँप तेवढाच देतात. सिरॅमिकची सुई या भारावर जोडली तर खर्ज गळून जातो. म्हणून जुना प्लेअर दुरुस्त करून वापरणाऱ्यानें आपली सुई कोणत्या जातीची हें आधीं ओळखावें आणि मगच बाजारांत पाऊल टाकावें.

चुंबकाच्या सुयांतहि दोन जाती आहेत. एकींत चुंबक हलतें, दुसरींत वेटोळें हलतें. वेटोळ्याची सुई उंची मानली जाते आणि महागहि असते. तिचा दाब फारच अल्प, बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टाच्या आंत. तेव्हां पहिलीस शंभर पट, म्हणजे ४० डेसिबेल, वाढ पुरते. दुसरीस हजार पट, म्हणजे ६० डेसिबेलच्या घरांत वाढ हवी. हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. ४ मिलिव्होल्टांची सुई आणि शंभर पट वाढ मिळून ०.४ व्होल्ट, गाण्यांत जोराच्या जागा याच्या चौपट-पांचपट जातात, म्हणजे पॉवर अँप्लिफायरची गरज सहज भागते. वेटोळ्याची सुई याच पेटीस जोडली तर हाच आंकडा ०.०४ वर येतो आणि ऐकणारा आवाज वाढवीत बसतो, त्याबरोबर सरसर आणि घरघरहि वाढते. ज्या घरांत पहिल्यानेंच तबकड्या वाजावयाच्या आहेत तेथें वेटोळ्याच्या नादीं लागूं नये. तो पैसा चांगल्या सुईवर आणि तबकड्या धुण्यावर खर्च करावा.

डोंबिवलीचा नातू एव्हांना एक फोनो स्टेज घेऊन आला होता. जोडणी योग्य, सुई योग्य, तारा योग्य. त्यानें सुई टेकविली आणि पहिल्याच स्वराला खिडक्यांचीं तावदानें हादरलीं. सूनबाई स्वयंपाकघरांतून धांवत आल्या, खालच्या मजल्यावरच्यांनीं दारावर थाप मारली. कारण साधें होतें. त्याचा पॉवर अँप्लिफायर शुद्ध पॉवर अँप्लिफायर होता; त्याला आवाज कमी-अधिक करण्याचें बटणच नव्हतें. येईल तें पूर्ण जोरानें स्पीकरांकडे ढकलणें एवढेंच त्याचें काम. फोनो स्टेजलाहि असें बटण बहुधा नसतें. म्हणजे आवाज आवरणारा साऱ्या मार्गावर कोणीच नव्हता! नशीब कीं स्पीकर फाटले नाहींत.

निवड करणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत होते ती येथें. 'प्रीअँप' या एका शब्दाखालीं दोन निरनिराळीं कामें दडलेलीं आहेत. एक, तबकडीच्या आवाजाची दुरुस्ती व वाढ; दुसरें, आवाजाचें नियंत्रण आणि तबकडी, रेडिओ, मोबाइल यांपैकीं काय ऐकावयाचें याची निवड. संयुक्त अँप्लिफायरांत दुसरें काम आंतच होतें, म्हणून त्याच्या मालकास केवळ फोनो स्टेज पुरते. पॉवर अँप्लिफायरच्या मालकास दोन्हीं कामें करणारी पेटी हवी, किंवा फोनो स्टेजच्या पुढें बटण असलेली दुसरी पेटी हवी. जागा थोडी आणि तारांचा गुंता नको असेल तर दोन्हीं कामें एकत्र असलेलीच बरी. पुढेंमागें सुई बदलण्याची, यंत्रें वाढविण्याची हौस असेल तर दोन निरनिराळ्या. भाड्याच्या दोन खोल्यांत जाणाऱ्या कुटुंबानें काय घ्यावें, हें उघडच आहे.

आतां घरघरीविषयीं. जेथें शंभर पट वाढ होते तेथें तारेंत शिरलेली विजेची घरघरहि शंभर पट होते. टर्नटेबलापासून निघणारी तिसरी, बारीक तार प्रीअँपच्या मागच्या पितळी खुंटीस आवळलेलीच पाहिजे. ती लोंबकळत ठेवणें हें घरघरीचें पहिलें कारण. जुन्या इमारतींतून तीन पिनांचें भोंक भिंतींत असतें, पण त्याच्या पाठीमागें अर्थिंग असतेंच असें नाहीं. वायरमनकडून तें तपासून घ्यावें. ही खबरदारी केवळ आवाजासाठीं नाहीं, जिवासाठींहि आहे. पावसाळ्यांत वीज गेल्यावर जो स्वस्त इन्व्हर्टर चालूं होतो त्याच्या ओबडधोबड लहरींनीं बरेच प्रीअँप गुरगुरूं लागतात. तेवढा वेळ गाणें बंद ठेवणें हाच उपाय. प्रीअँप हा पॉवर अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवूं नये. खालच्या ट्रान्सफॉर्मरचें चुंबकत्व वरच्या नाजूक पेटींत उतरतें. टर्नटेबलापासून प्रीअँपपर्यंतची तार आंखूड असावी. लांब तारेची विद्युत्-धारणा वाढते आणि तिनें उंच स्वर बिघडतात. प्रीअँपपासून पुढची तार लांब असली तरी फारसें बिघडत नाहीं.

पहिली आगगाडी १८५३ सालीं ठाण्यास आली आणि पुढल्याच वर्षीं कल्याणास. तेव्हांपासून या पट्ट्यांतल्या घरांची आणि रुळांची जी शेजारसोय झाली ती सुईला मात्र मानवत नाहीं. जलद गाडी गेली कीं जमिनीचा कंप टर्नटेबलांत चढतो. तो कानास ऐकूं येत नाहीं, पण स्पीकरचा पडदा आंतबाहेर डोलूं लागतो आणि अँप्लिफायरची शक्ति त्यांत फुकट जाते. वांकड्या झालेल्या तबकडीनेंहि असेंच होतें. म्हणून ज्या फोनो प्रीअँपवर अतिमंद कंप गाळण्याचें बटण असतें तो येथें अधिक उपयोगी; आणि टर्नटेबल हलत्या टेबलापेक्षां भिंतींत बसविलेल्या कडाप्प्याच्या फळीवर अधिक सुखी असतें. भाड्याच्या घरांत भिंत फोडावयास घरमालक परवानगी देतो कीं नाहीं, हा प्रश्न प्रीअँपच्या कक्षेबाहेरचा आहे.

ट्रान्झिस्टरचा घ्यावा कीं व्हॉल्व्हचा, असा वाद हौशी मंडळींत रंगतो. व्हॉल्व्हचा उजेड अंधाऱ्या खोलींत मोहक दिसतो, हें कबूल केलें पाहिजे. परंतु व्हॉल्व्ह झिजतात, उष्णता देतात, आणि त्या किंमतीचा ट्रान्झिस्टरचा प्रीअँप बहुधा अधिक शांत असतो. बाजारांत दोन-तीन हजारांपासून लाखभर रुपयांपर्यंत फोनो प्रीअँप मिळतात. पहिल्या कांहीं हजारांत मिळणारा फरक कानास स्पष्ट जाणवतो, पुढच्या दहापट पैशांत मिळणारा फरक पुष्कळदां मनासच जाणवतो. मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर जाऊन घेणाऱ्यानें शक्य तर परत करण्याच्या बोलीवर घ्यावा आणि घरच्या सुईवर, घरच्या तबकडीवर ऐकून मग पक्का करावा. सुई न टेकवितां आवाजाचें बटण नेहमींच्या जागीं ठेवून स्पीकरजवळ कान न्यावा; बसण्याच्या जागेवरून सरसर ऐकूं येत असेल तर तो प्रीअँप परत करावा. ही परीक्षा फुकट आहे आणि दुकानदाराच्या व्याख्यानापेक्षां विश्वासार्ह आहे.

ट्रंकेंतल्या लाखेच्या तबकड्यांची गोष्ट अजून राहिलीच. भारतांत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० नंतरहि निघत होत्या, त्यामुळें इकडच्या घरांतून त्या विपुल सांपडतात. त्यांची खांच लाँग-प्लेच्या खांचेपेक्षां सुमारें तिप्पट रुंद. लाँग-प्लेची सुई त्यांवर टेकविली तर ती खांचेच्या तळाशीं, धुळींत घसरत जाते. खरखर फार आणि गाणें थोडें. उलट ७८ ची जाड सुई लाँग-प्लेवर ठेवली तर खांच कायमची बिघडते. दोन सुया हव्याच. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-९५ सारख्या कांहीं मालिकांत मूळ कार्ट्रिज तेंच ठेवून पुढची सुई तेवढी बदलतां येते आणि ७८ साठीं निराळी सुई मिळते. आर्मचें वजनहि त्या त्या वेळीं बदलावें लागतें. टर्नटेबलास ७८ ची गति आहे कीं नाहीं हेंहि पाहावें, कारण पुष्कळांना ती नसते.

प्रीअँपच्या दृष्टीनें या तबकड्यांची अडचण अशी कीं १९५४ चें माप त्यांना लागू नाहीं. त्यांत खर्ज दाबलेला असतो, पण उंच स्वर फारसे फुगविलेले नसतात. फोनो प्रीअँप मात्र ते फुगविलेले आहेत असें समजून खालीं बसवितो. परिणामीं गायक बंद दाराआडून गात आहे असें वाटतें. ज्यांचा संग्रह मुख्यतः ७८ चा आहे त्यांनीं माप बदलतां येणारा प्रीअँप शोधावा. इतरांनीं निदान उंच स्वर चढविण्याचें बटण आणि 'मोनो' बटण असलेला घ्यावा. मोनो बटणाचा उपयोग मोठा आहे. या तबकड्यांतलें गाणें सुईच्या आडव्या हालचालींत असतें. उभ्या हालचालींत असते ती केवळ धूळ आणि ओरखडे. दोन्हीं बाजूंचे प्रवाह एकत्र केले कीं उभी हालचाल परस्परांस छेदून नाहींशी होते. सारी खरखर जात नाहीं, पण जी जाते ती ऐकणाऱ्यास लगेच कळते.

ज्यांना हा खटाटोप नको असेल त्यांनींहि लाखेच्या तबकड्या भंगारांत घालण्यापूर्वीं चौकशी करावी. मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेसारखे जाणकार मंडळींचे मेळावे याच कामासाठीं उभे राहिले, आणि एखाद्या गायकाची घरांत कंटाळवाणी ठरलेली तबकडी दुसऱ्या कोणाच्या यादींतली शेवटची उणी जागा असूं शकते.

डोंबिवलीच्या घरांत शेवटीं जी पेटी आली ती अगदीं साधी होती: चुंबकाच्या सुईचा फोनो, एक लाइनचें छिद्र, आवाजाचें बटण, उंच स्वरांचें आणि खर्जाचें बटण, मोनोचें बटण. माप बदलणारी पेटी नातवाच्या मनांत होती, पण तिची किंमत नव्या बिऱ्हाडाच्या अनामतीशीं स्पर्धा करूं लागली, तेव्हां तो बेत मागें पडला. चालूं करतांना आधीं प्रीअँप, क्षणभर थांबून मग पॉवर अँप्लिफायर, आणि बंद करतांना याच्या उलट, म्हणजे स्पीकरांस धक्का बसत नाहीं; हा क्रम त्यानें कागदावर लिहून पेटीस चिकटविला, कारण दुपारीं तो घरीं नसे आणि आजींना बटणें दाबावीं लागत.

पहिली तबकडी हिराबाईंची लागली. आप्पा प्रथम उभेच होते, मग खुर्चीवर बसले. तीन मिनिटांनीं बाजू संपली.

"या झिजलेल्या नव्हेत रे," ते म्हणाले.

"मीं कुठें म्हटलें होतें?" आजींनीं आंतून विचारलें.

पंचेचाळिसांपैकीं तीन तबकड्या तडकलेल्या निघाल्या आणि दोन वांकड्या. उरलेल्या कोमट पाण्यानें, मऊ फडक्यानें पुसून, सावलींत वाळवून नव्या पाकिटांत गेल्या. लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट लावावयाचें नाहीं, तें लाख विरघळवितें, हें सूनबाईंना ठाऊक होतें म्हणून बरें झालें. बिऱ्हाड हललें त्या दिवशीं त्या टेंपोंत आडव्या न रचतां खोक्यांतून उभ्या नेल्या, आणि रिकामी ट्रंक पितळी भांड्यांच्या कामीं आली.